कोल्हापुरातला रस्ता आधी बसला द्यावा का?

राजारामपुरीतील रहिवासी (मूळ मांडणी)

पंतप्रधान ई-बस सेवा योजनेतून कोल्हापूरला शंभर विद्युत बस मंजूर झाल्या. त्या कधी येणार याची चर्चा आपण पुष्कळ केली, पण आल्यावर धावणार कोठून, हे कोणी विचारत नाही. १९६२ साली सुरू झालेली केएमटी, म्हणजे महापालिकेची शहर बससेवा, आजही दुतर्फा लावलेल्या दुचाकी, चौकात थांबलेले वडाप (माणसे भरून नेणाऱ्या खासगी गाड्या) आणि अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्यांच्या मोटारी यांमधून वाट काढते. नवी बसही त्याच गर्दीत अडकली, तर धूर तेवढा कमी होईल, वेळ वाचणार नाही आणि प्रवासीही वाढणार नाहीत. म्हणून माझी मागणी अशी, की ताराराणी चौकापासून दसरा चौकमार्गे गंगावेशीपर्यंत गर्दीच्या वेळी रस्त्याकडेचे पार्किंग बंद करून ती जागा बससाठी राखावी आणि उड्डाणपुलांचा विचार त्यानंतर करावा.

हे मी केवळ वाहतुकीपुरते म्हणत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि सुमारे आठवडाभर शहरात पेट्रोल-दुधाची टंचाई झाली. रस्ते उंच करण्यासाठी भराव टाकला की पुराचे पाणी त्यामागे तुंबते, हे शिरोलीच्या बाजूची शेती करणाऱ्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. वाढत्या वाहनांसाठी आणखी रस्ते आणि आणखी भराव, हा मार्ग या नदीकाठच्या शहराला परवडणारा नाही.

महाद्वार रोडवरील व्यापारी

आपल्या भावनेचा आदर आहे, पण माझे निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक पन्हाळा, राधानगरी आणि करवीर तालुक्यांतल्या गावांतून दुचाकीवर येते. लग्नाचा बस्ता बांधायला आलेले कुटुंब दोन मोठ्या पिशव्या घेऊन बसथांब्यावर अर्धा तास उभे राहील, अशी अपेक्षा धरणे वास्तवाला सोडून आहे. आज पार्किंग बंद केले, तर ते कुटुंब उद्या शहराबाहेरच्या मोठ्या दुकानाकडे वळेल. बस नियमित धावू लागल्या की पार्किंग बंद करण्याबद्दल बोलावे. आधी बंदी आणि मग सोय, असा उलटा क्रम आम्ही मान्य करणार नाही. आणखी एक गोष्ट: हे शहर टोलविरुद्ध वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले आणि शेवटी टोल बंद झाला. लोकांना न विचारता रस्त्याबाबत घेतलेला निर्णय येथे टिकत नाही.

निवृत्त अभियंता

हवामानाचा मुद्दा निघाला आहे म्हणून थोडे गणित मांडतो. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; लिटरला ४५ किलोमीटर धावणारी दुचाकी म्हणजे किलोमीटरला पन्नासएक ग्रॅम सोडते. लिटरला चार किलोमीटर जाणारी डिझेल बस किलोमीटरला जवळजवळ सातशे ग्रॅम सोडते. तिच्यात दहाच माणसे असतील, तर दरडोई हिशेब दुचाकीपेक्षा वाईट ठरतो. तीस असतील, तर निम्म्याहून कमी. विद्युत बसचेही फार वेगळे नाही, कारण महाराष्ट्रातली बहुतांश वीज अजून कोळशावर तयार होते. तिचा खरा लाभ बिंदू चौकात उभ्या असणाऱ्यांच्या फुप्फुसांना आहे आणि तो लहान मानू नये. पण केवळ बस खरेदी केल्या म्हणून हवामानाचे भले झाले, असे कोणी सांगू नये. रिकाम्या फिरणाऱ्या शंभर बस हा तोटाच होईल.

उपनगराबाहेरील गावातून कागलच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा कामगार

शहराची हद्द १९७२ साली महापालिका झाली तेव्हा होती तेवढीच राहिली, आणि हद्दवाढीचा, म्हणजे भोवतालची गावे शहरात घेण्याचा, विषय निघाला की विरोध करणाऱ्या गावांची केएमटी बंद करा, अशी मागणी शहरातूनच होते. मग आम्ही बसवर विश्वास कसा ठेवायचा? गावाने हद्दवाढीला विरोध केला, तर तो घरफाळ्याच्या (घरपट्टीच्या) आणि शेतीच्या काळजीने केला. त्याची शिक्षा म्हणून कामगाराची बस काढून घेणे अन्यायाचे आहे. आमची पाळी सुटते त्या वेळी वडापच मिळते. ते बेकायदा असेल, पण घरी पोहोचवते.

रुग्णालयातील परिचारिका

वरच्या सगळ्या चर्चेत रात्रीची वेळ कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. माझी पाळी रात्री संपते आणि त्या वेळी थांब्यावर दिवाही नसतो. दुचाकी मी हौसेने चालवत नाही.

राजारामपुरीतील रहिवासी

अभियंत्यांचे गणित मला मान्य आहे आणि माझ्या मागणीला त्याचाच आधार आहे. बसमध्ये तीस माणसे कधी बसतील? ती दर दहा मिनिटांनी येईल आणि ठरल्या वेळी पोहोचेल तेव्हा. त्यासाठी नुसती बसची संख्या वाढवून भागत नाही, मोकळा रस्ता लागतो. या योजनेत बस चालवणाऱ्याला किलोमीटरमागे पैसे द्यायचे आहेत. केंद्राचे साहाय्य दहा वर्षांपुरते असून उरलेला भार महापालिकेवर पडेल, म्हणजे वाहतूक कोंडीत मंदावलेल्या, रिकाम्या बसची किंमतही आपणच घरफाळ्यातून भरणार.

कामगार बंधूंचे म्हणणे मात्र मला अस्वस्थ करून गेले. बस ही हद्दवाढीच्या भांडणातली ओलीस नसावी. २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हा त्या गावांच्या बसचा खर्च एकट्या महापालिकेने का सोसावा आणि प्राधिकरणाने का नाही, हे लोकप्रतिनिधींना विचारले पाहिजे. नोव्हेंबर २०२० नंतर पाच वर्षांहून अधिक काळ महापालिकेत निवडून आलेल्या नगरसेवकांचे सभागृहच नव्हते, त्यामुळे हे विचारायला जागाच उरली नव्हती. ताईंनी सांगितलेली थांब्यावरच्या दिव्याची गोष्ट माझ्या मूळ मागणीत असायला हवी होती, ती मी आता जोडतो. चार्जिंगची व्यवस्था लाल पूररेषेबाहेर, म्हणजे मोठ्या पुराचे पाणी पोहोचते त्या हद्दीबाहेर, असावी, हेही त्यातच धरावे, नाहीतर ऐन पुरात बसच बंद पडतील.

महाद्वार रोडवरील व्यापारी

दुकाने उघडण्यापूर्वी, म्हणजे सकाळी आठ ते साडेदहा या वेळेत, रस्त्याकडेचे पार्किंग बंद ठेवायला माझी हरकत नाही आणि शेजारच्या दुकानदारांशीही मी बोलेन. संध्याकाळची वेळ मात्र आम्ही सोडणार नाही. दिवाळीचा आणि लग्नसराईचा आमचा सगळा हंगाम त्याच तीन तासांवर उभा असतो.

राजारामपुरीतील रहिवासी

सकाळपासून सुरुवात करू. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांनाही बस लागते, हा माझा आग्रह तरीही कायम राहील.