मदत हवी आहे: 'ॲप्रोबेट' म्हणजे नुसतं 'मंजूर करणे' का?

निशिगंध:
नमस्कार. माझ्या आत्याच्या जमिनीच्या दाव्याचा निकाल लागला. निकाल इंग्रजीत आहे. आत्या सत्तरीची, शाळा सातवीपर्यंत. "वकिलांनी सांगितलं त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं, तू मराठीत लिहून दे," म्हणाली. बारा पानं उतरवून झाली, पण एका वाक्यापाशी अडले आहे. काकांबद्दल न्यायाधीशांनी लिहिलंय की पक्षकाराला एकच दस्त 'ॲप्रोबेट अँड रिप्रोबेट' करता येत नाही.

प्रकरण असं: आजोबांनी मृत्युपत्रात राहतं घर काकांना दिलं आणि ओढ्याकडचं शेत आत्याला. पण ते शेत काकांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेलं, सात-बाराही त्यांच्याच नावाचा. काकांनी मृत्युपत्र दाखवून घर नावावर करून घेतलं, वर्षानुवर्षं तिथे राहिले, आणि शेताचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, ते मृत्युपत्रच मला मान्य नाही.

कोशात ॲप्रोबेट म्हणजे मंजूर करणे, पसंत करणे. मग रोजचा 'ॲप्रूव्ह' असताना हा शब्द कशाला? आणि रिप्रोबेटपुढे दुराचारी, पापी असं दिलंय. मी तसंच वाचून दाखवलं आणि आत्याला रडू फुटलं. "शेत मिळो न मिळो, माझ्या भावाला कोर्टानं पापी म्हणायला नको होतं." तेव्हापासून मला चैन नाही. कुणी नीट अर्थ सांगेल का? आणि मराठीत काय लिहू?

अपिलार्थी:
ताई, आधी आत्याबाईंना सांगा की कोर्टाने कुणालाही पापी म्हटलेलं नाही. तुम्ही पाहिलंत ते नाम किंवा विशेषण. निकालात ते क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ फक्त 'नाकारणे'.

ही जोडी स्कॉटलंडच्या कायद्यातून आली. एखाद्या दस्तातला फायद्याचा भाग घ्यायचा आणि जाचक भाग झिडकारायचा, हे चालणार नाही, असं ते तत्त्व. आपल्याकडे ते मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३५ मध्ये आहे. मृत्युपत्रांसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम १८० आणि पुढची कलमं पाहा. कलम ३५ खालचं उदाहरण तर तुमच्या घरचंच वाटेल. सुलतानपूरचं शेत 'क'चं, किंमत ८०० रुपये. 'अ' एका दानपत्राने ते शेत 'ब'ला देऊ करतो आणि त्याच दस्ताने 'क'ला १००० रुपये देतो. 'क'ने शेत ठेवायचं ठरवलं तर हजार रुपयांवर पाणी सोडावं लागेल. शेत त्याचंच आहे, ते ठेवण्याचा हक्क कुणी काढून घेत नाही. पण दोन्ही मिळणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये आर. एन. गोसाईं विरुद्ध यशपाल धीर या प्रकरणात हेच सांगितलं. भाडेकरूने जागा सोडण्याचं हमीपत्र देऊन उच्च न्यायालयाकडून मुदत घेतली, मुदतीचा फायदा उपभोगला आणि मग त्याच आदेशाविरुद्ध वर गेला. ते मान्य झालं नाही.

म्हणून इथे 'ॲप्रूव्ह' पुरत नाही. साहेब रजा ॲप्रूव्ह करतात, ती वरून दिलेली मंजुरी. ॲप्रोबेट करणारा दस्ताचा लाभ घेऊन, आपल्या वागण्यातून त्याला होकार देतो. काकांनी तोंडाने 'मान्य' म्हटलं नसेलही, पण घर घेतलं तिथेच ॲप्रोबेट झालं.

शब्दवेडी:
मुळाशी लॅटिन 'प्रोबारे' आहे: पारखणे, पारखून खरं ठरवणे. आपण मृत्युपत्राचं 'प्रोबेट' म्हणतो, म्हणजे कोर्टाने ते खरं ठरवणं, तेही त्यातलंच. रिप्रोबेट म्हणजे पारखून बाजूला टाकणे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये यिर्मयाच्या ग्रंथात 'रिप्रोबेट सिल्व्हर' येतं, म्हणजे कसाला न उतरलेली चांदी. पुढे देवाने नाकारलेला माणूस आणि त्यावरून दुराचारी, असा अर्थ सरकत गेला. आत्यांना चांदीचं सांगा, लगेच कळेल.

अमेरिकेत एके काळी ॲप्रोबेट एकटाही चालायचा, धर्मोपदेशकाला प्रवचनाची रीतसर परवानगी देणे या अर्थी. अमेरिकन लेखक इमर्सनला ती १८२६ मध्ये मिळाली. आज मात्र कोर्टाबाहेर तो कुणी फारसा वापरत नाही. तुम्हीही पत्रात, अर्जात वापरू नका.

मराठीसाठी 'अंगीकार' आणि 'अव्हेर' सुचवते. आणि आपल्याकडे अर्धकुक्कुटी न्याय आहेच: अर्धी कोंबडी रांधायला, अर्धी अंडी घालायला. इतकं नेमकं इंग्रजीतही सापडायचं नाही.

पैलू:
मी हिऱ्यांच्या बाजारात आहे. इंग्रजीत 'ऑन ॲप्रोबेशन' माल देणं म्हणजे पसंतीवर देणं. आमच्याकडे त्याला जांगड म्हणतात, हा शब्द मोल्सवर्थच्या कोशातही आहे. पसंत पडलं तर ठेवा, नाही तर परत करा. तोवर मालकी देणाऱ्याचीच. तुमच्या काकांनी घर परत न करता वापरलं, म्हणजे पसंतीच दिली.

निशिगंध:
सगळ्यांचे मनापासून आभार. शब्दवेडी, 'अव्हेर' आत्याला पटकन कळला नसता, म्हणून सोपं केलं. असं लिहिलंय:

"ज्या मृत्युपत्राच्या आधारे प्रतिवादीने घर घेतले, तेच मृत्युपत्र शेतापुरते त्याला नाकारता येणार नाही. एकाच कागदाचा लाभ स्वीकारणे आणि त्यातील बोजा झिडकारणे, हे दोन्ही चालत नाही."

खाली कोंबडीचा दृष्टान्त वेगळ्या ओळीत, माझी टीप म्हणून लिहिलाय. निकालात तो नाही. अपिलार्थी, यात काही चुकत असेल तर उद्यापर्यंत सांगा, परवा मी गावाला जाते आहे.

फोनवर आत्याला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "यात पापी कुठे नाही ना?" नाही म्हटलं. "मग याची एक प्रत त्यालाही दे," म्हणाली.