श्वासाचा पेसर: आलेख करवतीसारखा येतो, बोटांना मुंग्या येतात

रेचक६०
मंडळी, ज्येष्ठांच्या योगवर्गासाठी लॅपटॉपवर श्वासाचा पेसर उभा करतो आहे. ब्राउझरमध्ये चालणारं साधं पान आहे. वर्तुळ फुगलं की पूरक (श्वास आत), आकसलं की रेचक (श्वास बाहेर), सोबत सूरही वाजतो. मिनिटाला ६ श्वास, म्हणजे ४ सेकंद आत आणि ६ सेकंद बाहेर. छातीला ब्लूटूथ पट्टा बांधून ठोक्यांचा आलेखही पडद्यावर दाखवतो. अडचणी अशा:
१. दुसऱ्या टॅबवर गेलं की वर्तुळ आणि सूर दोन्ही चुकतात.
२. श्वासाबरोबर नाडीची गती हलते, म्हणून आलेख लाटेसारखा यायला हवा, तो करवतीसारखा दातेरी येतो.
३. पाचेक मिनिटांनी काहींना डोकं हलकं वाटतं, बोटांना मुंग्या येतात.
आणि ६ ही गती सगळ्यांना चालते का?

टायमरवाला
पहिल्या दोन अडचणी कोडमधल्या आहेत. मागच्या टॅबमधले टायमर ब्राउझर साधारण सेकंदाला एकदाच चालू देतो, आणि रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम (पडद्यावरचं पुढचं चित्र काढायची ब्राउझरची सोय) तर थांबतेच. प्रत्येक फ्रेमला वर्तुळ थोडं थोडं वाढवत असाल तर ते मागे पडणारच. त्याऐवजी सुरुवातीची वेळ नोंदवा आणि दर फ्रेमला 'आत्ताची वेळ वजा सुरुवात' याला १० सेकंदांनी भागून जी बाकी उरेल तिच्यावरून वर्तुळाचा आकार ठरवा. परत टॅबवर आलात की वर्तुळ आपोआप योग्य जागी असेल. सूर वेब ऑडिओच्या (ब्राउझरमधल्या आवाजाच्या सोयीच्या) स्वतःच्या घड्याळावर पुढची दोन आवर्तनं आधीच लावून ठेवा. आकार एकसारख्या वेगाने वाढवू नका, कोसाइनच्या वळणाने, म्हणजे टोकांशी हळू आणि मध्ये जलद, वाढवा. टोकाला वर्तुळ झटकन उलटलं की माणूस नकळत श्वास रोखतो.

आता दातेरी आलेख. पट्टा साधारण सेकंदाला माहितीचं एक पाकीट पाठवतो. त्यात कधी एक अंतर (लागोपाठच्या दोन ठोक्यांमधली वेळ) असतं, कधी दोन, कधी एकही नाही. पाकीट पोचल्याच्या वेळेवर बिंदू मांडले की करवत तयार होते. अंतरांची बेरीज करत जा, ती बेरीज हाच आडवा अक्ष. ही अंतरं सेकंदाच्या १/१०२४ भागात येतात, मिलिसेकंदात नाही. त्यामुळे १००० ने गुणून १०२४ ने भागायला विसरू नका. पाकिटातला ठोक्यांचा तयार आकडा वापरू नका. बहुतेक पट्टे तो सरासरी काढून देतात, त्यामुळे तो श्वासाच्या मागून येतो.

आरआर_अंतर
वरच्यात एक भर. पट्टा कोरडा असला की ठोका सुटतो आणि ८०० मिलिसेकंदांच्या जागी १६०० दिसतात. पट्ट्याचे कातडीला टेकणारे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करा आणि पट्टा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी घट्ट बसवा. कोडमध्ये मागच्या ५ अंतरांचा मध्यक काढा आणि त्यापासून ३० टक्क्यांहून जास्त हटलेलं अंतर संशयित धरा. पण ते नुसतं काढून टाकू नका, नाहीतर पुढचा सगळा आलेख डावीकडे सरकेल आणि श्वासाशी जुळणार नाही. तेवढी वेळ धरून मधली जागा भरा. एक आखूड आणि लगेच एक लांब, आणि दोन्हींची बेरीज नेहमीच्या दोन ठोक्यांएवढी, असं दिसलं तर तो बहुधा अवेळी पडलेला खरा ठोका आहे. असे वरचेवर दिसले तर त्या माणसाला डॉक्टरकडे पाठवा. एट्रियल फिब्रिलेशन (ठोके अनियमित पडण्याचा हृदयविकार) किंवा पेसमेकर असलेल्यांना हा आलेख दाखवूच नका, तिथे त्याला अर्थ नाही.

पोटश्वास
मुंग्यांचं कारण गती नाही, श्वासाचं माप आहे. हिशेब करून बघा. १४ श्वास, दर श्वासाला ५०० मिली. त्यातले सुमारे १५० मिली श्वासनलिकांतच राहतात, म्हणून फुप्फुसांत कामाची हवा मिनिटाला ४.९ लिटर. ६ श्वासांवर तेवढीच हवा मिळायला दर श्वास सुमारे ९७० मिली पुरतो. पण पडद्यावर मोठं वर्तुळ फुगताना दिसलं की लोक छाती भरून दीड-दोन लिटर ओढतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. म्हणून वर्तुळ लहान ठेवा, पडद्याच्या एक तृतीयांशाहून मोठं नको. 'खोल श्वास घ्या' ही सूचना काढून 'हळू आणि हलका' लिहा. पहिल्या आठवड्यात मिनिटाला १० ठेवा, मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक कमी करा. मुंग्या आल्या की पेसर बंद करून नेहमीसारखा श्वास घेऊ द्या.

६ सगळ्यांना चालतेच असं नाही. प्रत्येकाची गती बहुधा ४.५ ते ६.५ मध्ये कुठेतरी असते. श्वासाबरोबर नाडीची गती आणि रक्तदाब हलतात, आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेला स्वतःचा उशीर असतो. श्वासाचं आवर्तन त्या उशिराशी जुळलं की लाट सर्वांत उंच येते. ६.५, ६, ५.५, ५ आणि ४.५ प्रत्येकी २ मिनिटं चालवा, मध्ये थोडी विश्रांती द्या. पहिली ३० सेकंदं सोडून दर श्वासातली सर्वांत जलद आणि सर्वांत मंद नाडी यांतला फरक काढा आणि त्याची सरासरी घ्या. इथे फूरिए विश्लेषणाच्या (लाटेतल्या वेगवेगळ्या गती गणिताने सुट्या करण्याच्या) भरीला पडू नका. ६४ सेकंदांच्या खिडकीत ६ आणि ५.५ वेगळे ओळखूच येत नाहीत.

ज्येष्ठांचे आलेख एकमेकांशी ताडून बघू नका, हे मात्र नक्की पाळा. वयाबरोबर लाट बुटकी होत जाते, आणि मधुमेहात नसांना इजा झाली असेल तर ती जवळजवळ सपाट येते. शेजारच्याची उंच लाट बघून माणूस जोर लावतो, आणि पुन्हा मुंग्या.

रेचक६०
अंतरांची बेरीज करून आलेख मांडला, लाट दिसायला लागली. आभार. पेसरची सवय लागून राहील का?

पोटश्वास
लागते, म्हणून तो मधून मधून लपवा. ५ मिनिटं वर्तुळ दिसू द्या, मग २ मिनिटं पडदा कोरा आणि सूर बंद, पट्टा मात्र चालूच. त्या २ मिनिटांत आलेखातल्या लाटेची आवर्तनं १० सेकंदांच्या आसपास टिकली तर पुढच्या वेळी कोरा वेळ ३ मिनिटं करा. आवर्तनं ८ सेकंदांवर घसरली तर वर्तुळ परत आणा, वेळ वाढवू नका.