दिवाळी तोंडावर आणि फायब्रोमायल्जिया अंगावर: काय जमतं, काय नडतं, लिहा

सोनटक्का
माळा आवरायला काढला की जुन्या फायली निघतात. ही त्यातलीच जाडजूड: ईएसआर नॉर्मल, सीआरपी नॉर्मल (दोन्ही सुजेच्या रक्ततपासण्या), टीएसएच (थायरॉइड) नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल. अशी फाईल ज्यांच्या घरी आहे त्यांना आजाराची ओळख करून द्यायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच: अंगभर महिनोन्महिने दुखतं, थकवा जात नाही, झोपून उठल्यावरही ताजं वाटत नाही, आणि रिपोर्टमध्ये काही सापडत नाही. रडगाणं चालेल, पण सोबत एक तरी कामाची गोष्ट हवी. नेमकं काय करता, किती वेळ, कुठे फसतं.

माझ्याकडून पहिली गोष्ट. काम घड्याळ बघून थांबवायचं, दुखायला लागल्यावर नाही. या आजारात जास्तीच्या कामाचं बिल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, म्हणून "अजून काही होत नाहीये, एवढं उरकून घेते" हे गणित हमखास चुकतं. वाईट दिवशीही जेवढं निभतं तेवढी वेळ धरा. ओट्याशी 15 मिनिटं उभं राहवत असेल तर टायमर 10 चा. वाजला की तव्यावरची पोळी उतरवायची, पुढची लाटायची नाही. 5 मिनिटं बसायचं, आणि बसायचं म्हणजे लसूण सोलत नव्हे. आठवडाभर नीट गेलं तर एक-दोन मिनिटं वाढवा. चांगल्या दिवशीसुद्धा तेवढंच. तिथेच सगळ्यांची घसरण होते.

रमाकांत_ठाणे
पुढची लाटायची नाही मग जेवायचं काय 😄

सोनटक्का
भात, रमाकांतदादा. नाहीतर तुम्ही लाटा.

कुंदाकाकू
फराळाचं लिहिते पटकन, कुकर लावलाय. एका दिवशी एकच पदार्थ. त्यातही भाजणं एका दिवशी, वळणं दुसऱ्या दिवशी. बेसन भाजायला 25-30 मिनिटं सतत हलवावं लागतं, खांदा तिथेच जातो. अर्धा किलोचे दोन घाणे करा, मध्ये विश्रांती. लांब दांड्याचा उलथना घ्या म्हणजे हात कोपरातून हलतो, खांदा उचलावा लागत नाही. शेगडी टेबलावर घेऊन बसून भाजता आलं तर उत्तमच, फक्त कढई हलणार नाही अशी ठेवा.

चकलीला दाबायचा सोऱ्या नकोच, फिरकीचा घ्या. उकड गरम असतानाच थोडी थोडी मळा, बाकीची झाकून. पीठ गार झालं की घट्ट होतं आणि तिप्पट जोर लागतो. सोऱ्याला आतून तेल, पीठ पाऊण भाग भरायचं. आणि ओट्यावर नाही, जेवणाच्या टेबलावर, खुर्चीत बसून. कोपराच्या खाली हात राहिला पाहिजे.

अश्विनी_एम
काकू माझ्या चकल्या तेलात विरघळतात त्याचं काय, ते पण फायब्रो का 😅

कुंदाकाकू
मोहन जास्त झालंय बाळा. तुटत असतील तर पीठ कोरडं. भाजणी एक वाटी, पाणी पाऊण ते एक वाटी, मोहन कमी कर.

मध्यम_वेग
फिजिओथेरपी करतो, म्हणून व्यायामाबद्दल. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, यूलारने, 2016 साली फायब्रोसाठी ज्या शिफारशी दिल्या त्यात "ठामपणे करा" असा शेरा एकाच गोष्टीला आहे, व्यायामाला. गोळ्यांना तेवढा नाही. पण बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात सोडतात, कारण सुरुवात चुकते.

सपाट रस्त्यावर 5 मिनिटं चाला. चढ नको, टेकडी नको, "रोज दहा हजार पावलं" तर अजिबात नको. गाता येणार नाही पण बोलता येईल इतपत वेग. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त दुखणारच, ते चालतं. वाढलेलं दुखणं दोन दिवसांनीही उतरलं नाही तर डोस जास्त झाला, तिसऱ्या वेळी एक-दोन मिनिटं कमी. पूर्ण बंद करू नका. बंद करून पुन्हा सुरू करणं हेच सगळ्यात महाग पडतं. पुढचं गाठायचं ठिकाण 20 ते 30 मिनिटं, आठवड्यातून तीनदा. तिथे पोचायला तीन-चार महिने लागले तरी हरकत नाही.

स्नायूंच्या ताकदीसाठी अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या पुरतात. आधी निम्म्याच भरा. 5 वेळा उचला, दोन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं, एक दिवसाआड. वजन खाली आणताना फार सावकाश आणू नका, त्या हालचालीने मागाहून स्नायू जास्त दुखतात. सूर्यनमस्कार सुरुवातीला नकोत, मनगट आणि खांद्यावर एकदम भार येतो. मार्जारासन, सेतुबंधासन, शवासन इथून सुरू करा. ताई-चीही चांगलं: बोस्टनच्या 2010 च्या प्रयोगात आठवड्याला तासाचे दोन वर्ग, 12 आठवडे, एवढ्यात फरक दिसला होता.

नेहा_म्युनिक
इथे जर्मनीत डॉक्टर "फुन्क्शन्सट्रेनिंग" लिहून देतात. फॉर्म क्रमांक 56, तो आधी आरोग्य विम्याकडून मंजूर करून घ्यायचा आणि मग कोमट पाण्यातल्या व्यायामाच्या गटात नाव. इकडच्या कोणाला फायब्रो असेल तर हाउसआर्त्सला (नेहमीच्या डॉक्टरांना) या नावानेच विचारा, आपणहून क्वचितच सांगतात. पुण्यात असं काही आहे का?

मध्यम_वेग
काही मोठ्या रुग्णालयांच्या फिजिओ विभागात कोमट टाकी असते, फोन करून विचारा. पाणी 32-33 अंशांच्या आसपास हवं. महापालिकेच्या तलावाचं पाणी डिसेंबरात गारठून टाकतं, अंग आणखी आखडतं. मग एप्रिल-मेमध्ये जा, आणि पोहू नका, छातीएवढ्या पाण्यात चाला.

औषधवाली
फार्मसीतून. डोस डॉक्टरच ठरवणार, पण काउंटरवर दिसणाऱ्या गडबडी सांगते.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ अगदी झोपताना 11 ला घेतात आणि सकाळी 9 पर्यंत डोळे उघडत नाहीत. रात्री 8 च्या सुमाराला घेतली तर सकाळ बरी जाते का, डॉक्टरांना विचारा. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. काचबिंदू, लघवी अडकणं, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास यांपैकी काही असेल तर आधीच सांगा.

प्रेगाबॅलिनने चक्कर, पायावर सूज, वजन वाढ. किडनीचा त्रास असेल तर डोस कमी लागतो. आपल्याकडे ही गोळी बऱ्याचदा जोडगोळीत येते, मिथाइलकोबालामिनबरोबर नाहीतर नॉरट्रिप्टिलिनबरोबर. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा! एका डॉक्टरांची नॉरट्रिप्टिलिनची जोडगोळी आणि दुसऱ्यांची अ‍ॅमिट्रिप्टिलिन असं दोन्ही चालू असलेले पेशंट येतात. एकाच जातीची दोन औषधं झाली ती.

ड्युलोक्सेटिन 30 ने सुरू होते, साधारण आठवड्याने 60. मळमळ पहिले आठ-दहा दिवस, जेवणानंतर घेतली की कमी. तिच्यासोबत ट्रॅमाडॉल कोणी दिली तर दोन्ही डॉक्टरांना कळवा, सेरोटोनिन वाढून घाम, थरथर, धडधड होऊ शकते. यातली कुठलीच गोळी "आता बरंय" म्हणून एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवावी लागते.

आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन रोज खाऊन फायब्रो हलत नाही, पोट आणि किडनी मात्र हलतात. सूज नाहीच तर सुजेचं औषध काय करणार? स्टेरॉइडचंही तेच.

रमाकांत_ठाणे
पण मग दुखतं कशाने? सूज नाही, झीज नाही.

औषधवाली
मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचा संदेश वाढवून घेतात. गणपतीत मांडवाचा भोंगा कोणीतरी फुल्ल करून ठेवलाय, गाणं तेच. दुखणं खरं असतं, फक्त बिघाड स्नायूत नसतो. म्हणून औषधं नसांवर काम करणारी.

पल्लवी_जी
फायब्रो ओळखायला अंगावरच्या 18 जागा दाबतात ना, आमच्या डॉक्टरांनी त्या दाबून पाहिल्याच नाहीत, नुसते प्रश्न विचारले. बरोबर ना ते??

औषधवाली
बरोबर. 18 पैकी 11 जागा दुखायला हव्यात हा नियम 1990 चा. 2010 पासून दाबून बघणं आवश्यक राहिलं नाही. आता 19 भागांपैकी किती दुखतात ते मोजतात, आणि थकवा, झोपून उठल्यावरही ताजं न वाटणं, विसराळूपणा यांना गुण. तीन महिने टिकलेलं हवं.

अश्विनी_एम
"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत, लग्न करा" हे ऐकलेल्यांनी हात वर करा 🙋‍♀️

पल्लवी_जी
🙋‍♀️ लग्न झाल्यावर "मूल होऊ द्या, बरं वाटेल"

कुंदाकाकू
मग "रजोनिवृत्ती आहे, होईल कमी". थांबा, शिट्ट्या झाल्या.

चिंचवडकर
चिकनगुनियानंतर सांधे धरतात ते हेच का? आमच्या सोसायटीत प्रत्येक पावसाळ्यात निम्मे लोक लंगडतात.

मध्यम_वेग
दोन्ही शक्य आहे, म्हणून तपासणी हवी. चिकनगुनियानंतरच्या संधिवातात सांधा सुजतो, गरम लागतो, सकाळचा ताठरपणा तास-तासभर. फायब्रोत अंग सुजल्यासारखं *वाटतं*, पण बोट लावून बघितलं तर सूज नसते. विषाणूच्या तापानंतर फायब्रो सुरू होऊ शकतो हेही खरं. आणि ज्यांना फायब्रो आधीच आहे त्यांनी प्रत्येक नवं दुखणं त्याच्याच खात्यावर टाकू नये. ताप, वजन उतरणं, एखाद्या हातापायातली ताकद जाणं, पन्नाशीनंतर अचानक दोन्ही खांदे आणि कंबर आखडणं (यात ईएसआर वाढलेला सापडतो, आजार वेगळा, औषध वेगळं), छातीत दुखणं: लगेच दाखवा. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनीही स्नायू दुखतात, त्या चालू असतील तर सांगा. डी जीवनसत्त्व आणि थायरॉइड एकदा तपासलेलं असावं. शाकाहारी असाल तर बी-12 सुद्धा.

निशाचर
झोपेवर कोणीच लिहिलं नाही! टोरांटोमध्ये झोपेचे संशोधक मोल्डॉफ्स्की यांनी 1975 मध्ये निरोगी माणसांची गाढ झोप रात्री मुद्दाम मोडून पाहिली, तर त्यांचंही अंग दुखायला लागलं. झोप सावरल्याशिवाय बाकीचं टिकत नाही असं माझं पक्कं मत.

उठायची वेळ एकच, रविवारीसुद्धा. झोपायची वेळ मागेपुढे झाली तर चालेल. दुपारी 20 मिनिटांवर नाही, आणि 3 नंतर तर नाहीच. शेवटचा चहा 2 ला. (हो, 4 चा चहा गेला. ज्याला अगदीच जमत नाही त्याने गवती चहा-आलं उकळून घ्या, चहापत्ती न घालता.) 20 मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मोबाइल न घेता.

रात्री पाय हलवत राहावंसं वाटतं, चालल्यावर बरं वाटतं? तो वेगळा त्रास, रेस्टलेस लेग्ज. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, लॅबच्या कागदावर 20 "नॉर्मल" छापतील पण या त्रासात ते 75 च्या वर हवं असतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने हा त्रास वाढू शकतो. घोरणं जोरात असेल आणि मध्येच श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी.

चिंचवडकर
घोरण्याचं घरी वाचून दाखवलं. वातावरण तंग आहे.

डोंबिवली_फास्ट
ट्रेनमध्ये आहे, थोडक्यात. वरची कडी धरायची नाही, हात खांद्याच्या वर पाच मिनिटं राहिला की संध्याकाळपर्यंत मान गेली. दांडा कोपराच्या उंचीवर धरा. सॅक पुढे, दोन्ही पट्टे, आत लॅपटॉप असेल तर डबा दुसऱ्या पिशवीत नको, सॅकमध्येच. चौथी सीट (तिघांच्या बाकावरची चौथी) मिळाली तर घेऊ नका, अर्ध्या मांडीवर तोल सांभाळण्यापेक्षा उभं राहणं परवडतं.

ऑफिसमध्ये एसीचा झोत मानेवर येत असेल तर जागा बदलून मागा, लेखी. 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत फायब्रो नाही, त्यामुळे प्रमाणपत्राच्या मागे धावण्यात वेळ घालवू नका. डॉक्टरांकडून नुसतं "फायब्रोमायल्जिया" नको, "सलग 40 मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, आठवड्यातून दोन दिवस घरून काम" असं नेमकं लिहून घ्या. एचआरला आजाराचं नाव कळत नाही, मिनिटं कळतात.

सोनटक्का
मिनिटांचं अगदी पटलं.

साफसफाईचं राहिलं. पंखे आणि जळमटं दुसऱ्या कोणाकडून, तिथे चर्चा नको. फरशी उकिडवं बसून पुसू नका, दांड्याचा मॉप, बादली अर्धीच भरा. जड कपडे हाताने पिळायचे नाहीत. मशीन नसेल तर नळाला वेढा घालून दोन्ही टोकं एकत्र धरा आणि पीळ द्या, मनगट वाचतं. हलकं आणि जड काम आलटून पालटून, एकाच दिवशी दोन जड कामं नाहीत.

पल्लवी_जी
मालिशवाल्या मावशी जोरात रगडतात तेव्हा छान वाटतं पण दुसऱ्या दिवशी उठवत नाही

मध्यम_वेग
खोल दाब नको. कोमट तेल, हलका हात, 15 मिनिटं पुरे. शेकायची पिशवी 15 ते 20 मिनिटं, टॉवेलमध्ये गुंडाळून. बाम लावलेल्या जागी शेक नको, भाजतं. पिशवी अंगाखाली घेऊन झोपायचं नाही.

अश्विनी_एम
औषधवाली ताई एक विचारू? ड्युलोक्सेटिनची कॅप्सूल घशाला लागते. उघडून दह्यातून घेतली तर?

औषधवाली
उघडू नकोस, चावूही नकोस. आतल्या दाण्यांवर पोटातल्या आम्लापासून वाचवणारा थर असतो, तो मोडला तर औषध पोटातच वाया जाऊ शकतं. आधी घोटभर पाणी, मग कॅप्सूल जिभेवर ठेवून मान थोडी *खाली* वाकवून गीळ. कॅप्सूल तरंगते, त्यामुळे हनुवटी खाली असली की ती मागे सरकते. मान वर करून गिळतात तिथे चुकतं. तरी जमलं नाही तर डॉक्टरांना सांग, दुसरं औषध आहे.

अश्विनी_एम
आत्ता पाण्याने करून बघितलं, जमतंय! थँक्यू गं. काकू, चकलीत तीळ कधी घालायचे, उकडीत की मळताना?

कुंदाकाकू
उकडीतच. ओवा पण.