कादंबरीमालेतलं दुःख कसं पुरवावं?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. कापूस वेचणाऱ्या विधवेवर पाच भागांची कादंबरीमाला लिहितेय. सुरुवात नवऱ्याच्या आत्महत्येपासून. दुसऱ्या भागातच ती सावरायला लागली, अन् ते मला खोटं वाटतंय. काय करू?

उत्तर : ताई, कागदपत्रं आणा त्यात. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर घरच्यांना सरकारी मदत १ लाखाची. ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. त्याआधी प्रकरण मदतीला ‘पात्र’ ठरावं लागते. तहसीलच्या चकरांतच एक भाग जाते.

उत्तर : अन् सासू? लेक तिचाही गेला न बाई! एका चुलीवर दोघी, बोलणं बंद. हे फार खरं आहे, सोडू नका. यंदा सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा, कोण करणार?

प्रश्नकर्ती : तिसरा भाग सासूचाच. ‘सीतादही तूच पूज’ हे तिनंच सुनेला म्हणायला पाहिजे, पण चौथ्या भागाआधी नाही.