मदत हवी आहे : छोट्या गावातील नवे समाजकेंद्र बांधून झाल्यावर ते रोज उघडे कसे राहील?

सर्व जाणकारांना सप्रेम नमस्कार.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. नगरपरिषद क वर्गाची आहे, म्हणजे लोकसंख्या २५ ते ४० हजारांच्या दरम्यान. विकास योजनेत क्रीडांगण व समाजकेंद्रासाठी आरक्षित असलेली ६० गुंठे जागा अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर नगरपरिषदेच्या ताब्यात आली आहे आणि तिथे काय असावे, याबाबत नागरिकांचे म्हणणे लेखी मांडण्यासाठी सात जणांची समिती नेमली आहे. मी २६ वर्षे गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. त्या ओळखीमुळे या समितीत माझे नाव आले. वास्तुविशारदांनी केलेला प्राथमिक आराखडा आमच्यासमोर आहे आणि अभिप्राय देण्यासाठी दीड महिना उरला आहे. एकदा अंदाजपत्रकाला तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मान्यता मिळाली, की नकाशातली एक भिंत हलवणेही अवघड होते, म्हणून आत्ताच विचारते आहे.

पैसे कुठून येतील, हा माझा प्रश्न नाही. जिल्हा नियोजन समिती, राज्याची नगरोत्थान योजना, आमदार निधी यांतून बांधकामापुरती तरतूद होईल असे दिसते. प्रश्न त्यानंतरचा आहे. आमच्या गावात यापूर्वी एक समाजमंदिर बांधले गेले होते. उद्घाटन थाटात झाले, पहिले वर्षभर तिथे भजनी मंडळ बसत असे, मुले कॅरम खेळत असत. पुढे रखवालदाराचा पगार कोणी द्यायचा यावर एकमत झाले नाही आणि दाराला कुलूप लागले. गेल्या वर्षी महिलांच्या योगवर्गासाठी ती जागा मिळावी म्हणून मी अर्ज केला, तेव्हा किल्ली नेमकी कोणाकडे आहे हे समजायलाच चार दिवस गेले. दार उघडल्यावर आत पथदिव्यांच्या वायरींची भेंडोळी, मोडक्या खुर्च्यांची चळत आणि भिंतीला टेकवून ठेवलेला कॅरमबोर्ड दिसला. त्याच्या चारही कोपऱ्यांच्या जाळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. फळीवर पांढरी पावडर तशीच होती. खेळ अर्धवट टाकून मुले घरी गेली असावीत, असे वाटले. नव्या इमारतीची ही गत होऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

आराखडा पाहण्यापूर्वी मी तीन दिवस वही घेऊन दुपारी चार ते रात्री आठ या वेळात गावात फिरले आणि कोण कुठे वेळ घालवते, याची नोंद केली. सेवानिवृत्त मंडळी एसटी स्थानकाच्या बाकांवर बसतात, कारण तिथे पंखा आहे आणि उठ म्हणणारे कोणी नाही. तरुण मुलगे चहाच्या टपऱ्यांवर. खो-खोचा सराव करणाऱ्या मुलींना शाळेचे मैदान साडेपाचला बंद होते म्हणून निघावे लागते. उन्हाळ्यात त्या वेळी ऊन जेमतेम उतरलेले असते, म्हणजे खेळण्यासारखी वेळ सुरू होते तेव्हाच फाटक बंद होते. आणि तिशी-पस्तिशीच्या पुढच्या बायका, ज्या भाजी घ्यायला किंवा मुलाला शिकवणीला सोडायला आल्या होत्या, त्या तेवढे काम सोडून इतर कुठेही थांबलेल्या दिसल्या नाहीत. तीन दिवसांत एकही नाही. ही नोंद मी समितीपुढे वाचून दाखवली, तेव्हा सगळे काही वेळ गप्प होते.

आता आराखड्याविषयी. त्यात एक मोठे सभागृह आहे, समोर व्यासपीठ, मागे स्वयंपाकघर, वर पत्र्याचे छत आणि शेजारी वाहनतळ. सभागृहाची आतली मोकळी उंची पाच मीटर दाखवली आहे. आमच्याकडच्या बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलांनी सांगितले, की एवढ्या उंचीत शटल छताला आधार देणाऱ्या कैच्यांना आणि पंख्यांना लागेल. बॅडमिंटनचे मैदान १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद असते. अशी दोन मैदाने शेजारी-शेजारी आखून सर्व बाजूंनी आणि मध्ये दोन-दोन मीटर मोकळे सोडले, तर साधारण ३१५ चौरस मीटर जागा लागते. त्याच जागेत पुरुषांच्या कबड्डीचे १३ बाय १० मीटरचे मैदान चटई अंथरून सहज बसते. याउलट खो-खोला २७ बाय १६ मीटर मैदान आणि भोवती मोकळी जागा हवी, ती बाहेर मातीतच द्यावी लागेल, आणि मातीच त्या खेळाला योग्य. सभागृहाची लांबी-रुंदी या मापांवरून ठरवायची, की खुर्च्या किती मावतात यावरून, असे मी वास्तुविशारदांना विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की त्यांना सूचना खुर्च्यांची मिळाली होती.

याचे कारण उघड आहे. सभागृह लग्नांना भाड्याने दिले, की देखभालीचा खर्च निघतो, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. हे म्हणणे मी उडवून लावत नाही. दोन पाळ्यांचे रखवालदार, एक सफाई कामगार, वीज, पाणी आणि किरकोळ दुरुस्ती धरून आमच्या समितीने महिन्याला साधारण ६५ हजार रुपये खर्च काढला आहे. तीनशे सभासद मिळाले आणि प्रत्येकी शंभर रुपये वर्गणी ठेवली, तरी तीस हजारच जमतात. उरलेले पस्तीस हजार दर महिन्याला कुठून तरी आणावे लागणार. परंतु लग्नाला एक दिवस पुरत नाही. आदल्या दिवशी हळद, मांडव आणि आचाऱ्यांच्या चुली, दुसऱ्या दिवशी लग्न. चाळीस लग्ने घेतली तर ऐंशी दिवस गेले. त्यातली बरीचशी एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे मुलांना सुट्टी असते आणि केंद्राची खरी गरज असते तेव्हाच. ज्या फरशीवर तेलाचे डाग आणि खुर्च्यांचे ओरखडे पडले, तिच्यावर दुसऱ्या दिवशी मुलांना पळू देणे धोक्याचे आहे. शिवाय रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मनाई आहे, ती पाळली जात नाही म्हणून शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात आणि मग खेळणाऱ्यांनाही लोकांचा राग सोसावा लागतो. एका शेजारच्या गावातले क्रीडा सभागृह याच वाटेने पूर्णवेळ मंगल कार्यालय झालेले मी स्वतः पाहिले आहे. भिंतीवर बास्केटबॉलची कडी अजून आहे. तिला फुलांच्या माळा बांधतात.

चालवायचे कोणी, यावर तीन मते आहेत. काहींना वाटते नगरपरिषदेने स्वतः चालवावे. पण कर्मचाऱ्यांची पदे आधीच रिकामी आहेत. काहींना ठेकेदार हवा. मला भीती वाटते, की तो शंभर रुपयांच्या सभासदापेक्षा लग्नाच्या गिऱ्हाइकालाच दार आधी उघडेल. माझे मत तिसरे आहे. सार्वजनिक वाचनालये आपल्याकडे ज्या पद्धतीने चालत आली, म्हणजे नोंदणीकृत संस्था, अनामत व वर्गणी भरणारे सभासद, त्यांनी निवडलेले कार्यकारी मंडळ, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि तपासलेला हिशेब, तीच पद्धत इथे का लागू होऊ नये? अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले, ते स्थानिक मंडळींच्या हिमतीवरच. वाचनालयांना मात्र १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानुसार वर्गवारीप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते, तसा आधार समाजकेंद्राला नाही, हा फरक मला मान्य आहे आणि तीच माझी अडचण आहे.

दुसरी अडचण कायद्याची. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ९२ नुसार नगरपरिषदेला आपली स्थावर मालमत्ता शासनाच्या मंजुरीशिवाय हस्तांतरित करता येत नाही आणि स्वतःच्या अधिकारात भाडेपट्टा द्यायचा तर तो तीन वर्षांपर्यंतच. हे बंधन योग्य आहे, नाहीतर गावोगावच्या मोक्याच्या जागा केव्हाच गेल्या असत्या. तरीही तीन वर्षांनी जागा हातात राहील की नाही याची शाश्वती नसेल, तर सभागृहाच्या लाकडी जमिनीसाठी किंवा मल्लखांबाच्या साहित्यासाठी देणगी मागायला मी कोणाच्या दारात कशी जाऊ?

माझे प्रश्न असे आहेत. आपल्यापैकी कोणाच्या गावात सभासदांची संस्था आणि नगरपरिषद यांनी लेखी करार करून असे केंद्र चालवले आहे का, आणि त्या करारात उघडण्याच्या वेळा, वर्गणीची कमाल मर्यादा, दुरुस्तीची जबाबदारी या गोष्टी कशा लिहिल्या होत्या? लग्नांना पूर्ण नकार न देता त्यांच्यासाठी आवारातच वेगळी उघडी जागा ठेवून त्या भाड्यातून सभागृहाचा खर्च भागवण्याचा प्रयोग कोणी केला आहे का? महिलांसाठी दुपारी दोन ते पाच ही वेळ राखून ठेवावी असे मी सुचवणार आहे, पण वेळ राखून ठेवल्याने त्या येतातच असे नाही. स्वतंत्र प्रवेश, आतून कडी लागणारे स्वच्छ स्वच्छतागृह, लहान मुलांना डोळ्यांसमोर खेळू देता येईल असा कोपरा आणि दिवे असलेला रस्ता, यांपैकी कशामुळे फरक पडला, हे ज्या भगिनींनी अनुभवले आहे त्यांनी अवश्य लिहावे.

बांधकामाबाबत दोनच गोष्टी विचारते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो. पत्र्याखाली दुपारी बसणे अशक्य आहे आणि पावसात बोललेले ऐकू येत नाही. छताच्या खाली उष्णतारोधक थर, दोन्ही बाजूंना उंच झरोके आणि पश्चिमेला रुंद व्हरांडा एवढ्याने भागेल का? छतावर दहा किलोवॅटचे सौर पॅनेल बसवले तर सरासरी दिवसाला चाळीस युनिट मिळतात असे हिशेबाने येते. पत्र्याच्या उतारावर ते बसवणाऱ्यांचा अनुभव कसा आहे? प्रवेशाच्या उताराबद्दल मात्र मी ठाम आहे. एक फूट उंची चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार हवा, आणि आराखड्यात तो सहा फुटांत संपवला आहे. त्यावरून चाकांची खुर्ची स्वतः ढकलत कोणीही वर जाऊ शकणार नाही.

आणि वाहनतळाच्या जागी एक कडुलिंबाचे झाड आहे. गावातले ऐंशी वर्षांचे लोक त्याला लहानपणापासून पाहत आले आहेत. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला आता कायद्याने हेरिटेज वृक्षाचे संरक्षण आहे, हे मी समितीत सांगितले आहे. त्याच्या बुंध्याभोवती आजही संध्याकाळी आठ-दहा जण बसतात.

पुरवणी, चार दिवसांनंतर :

सर्वांचे मनापासून आभार. आलेल्या उत्तरांवरून तीन सूचना मी अभिप्रायात घेतल्या आहेत. एका भगिनींनी लिहिले, की त्यांच्याकडे वेळ राखून ठेवण्यापेक्षा दारात बसणारी व्यवस्थापक स्त्री नेमल्यावर बायकांची संख्या वाढली. त्यामुळे दुपारच्या पाळीला स्त्री कर्मचारीच असावी, असे वाक्य घातले आहे. दुसरी सूचना टप्प्यांची आहे. सगळा निधी सभागृहात न घालता आधी कुंपण, दिवे, पाणी, स्वच्छतागृहे, मातीचे मैदान आणि दोन मध्यम खोल्या कराव्यात, त्या वर्षभर चालवून दाखवाव्यात आणि मग सभागृहाचे माप ठरवावे. हे मला फार पटले, कारण वर्षभरात कोण खरोखर येते हे कळेल आणि चालवणारी माणसेही तयार होतील. तिसरी सूचना अशी, की ठेकेदाराच्या दोषदायित्व कालावधीत, म्हणजे बांधकामातले दोष त्यानेच दुरुस्त करून द्यायच्या मुदतीत, छताच्या गळतीच्या तक्रारी लेखी नोंदवण्यासाठी जबाबदार माणूस आधीच नेमावा.

काहींनी विचारले, की तरुणांना यात रस आहे का. रविवारी खो-खोच्या मुलींना मी त्या जागेवर घेऊन गेले. त्यांनी फक्कीने मैदान आखले, तेव्हा एक कोपरा आराखड्यातल्या स्वयंपाकघरात गेला. आखलेल्या मैदानाचे छायाचित्र अभिप्रायासोबत जोडते आहे.

एका प्रश्नाचे उत्तर अजून मिळालेले नाही. तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याचे वेळेवर नूतनीकरण झालेली एखादी संस्था कोणाला माहीत असेल, तर नगरपरिषदेच्या ठरावातील शब्दरचना कळवावी. समितीची पुढची बैठक येत्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी आहे.