मदत हवी आहे: वीटभट्टीवरची लेकरं लसीला येत नाहीत

वर्धाकाठ: वरूड तालुका. भट्टीवर 11 कुटुंबं, 5 वर्षांखालची 14 लेकरं. दोनदा सत्र लावलं, तीनच आली. बाया हो म्हणतात, येत नाहीत. शुक्रवारी परत सत्र आहे, लवकर सांगा.

सातपुडा: मजूर कुठले? भाषा कोणती? सत्र कुठे, किती वाजता?

संत्रापट्टी: हिंदीत पोस्टर लावा, सगळ्यांना येते.

सातपुडा: पुरुषांना येते, बाजारापुरती. लेकरू आणते बाई. अन् वाचणार कोण?

वर्धाकाठ: धारणीकडचे. गोंडी बोलणारी मदतनीस नेली होती. सत्र अंगणवाडीत, 11 ते 2. भट्टी 3 किमी.

सातपुडा: मग कोरकू असतील. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी द्रविडी. एकीचं दुसरीला कळत नाही. बाया नुसत्या मान राखून हो म्हणाल्या. त्यात मजुरी हजार विटांवर, 3 किमी गेलं की अर्धा दिवस बुडाला. सत्र भट्टीवरच लावा, थापणी थांबते ती वेळ विचारून.

संत्रापट्टी: मुकादमाला सांगा, लस नाही तर काम नाही.

गाविलगड: अजिबात नको! लेकरं लपवतील. मुकादमाला दुभाषाही करू नका, त्याच्यासमोर बाई दिवस गेल्याचंसुद्धा सांगत नाही. त्यांच्या गावच्या आशाताईला स्पीकरवर घ्या. कोणती लस, ताप येईल, पुढची तारीख, कार्ड जपा, एवढं तिच्याकडून कोरकूत सांगा. तापाचं आधी नाही सांगितलं तर दुसऱ्या डोसला कोणी येत नाही.

मेळघाटवारा: पोटावर डागल्याचे वण दिसले तर रागावू नका, डंबा असतो तो, लेकरू आजारी पडलं की तापल्या लोखंडाने पोट डागायची रीत. म्हणून लेकराचा श्वास पूर्ण मिनिट मोजा. 2 महिन्यांखाली 60, वर्षाखाली 50, पुढे 40 किंवा जास्त असला तर लगेच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) न्या.

संत्रापट्टी: त्यांचं रेशनही इथं मिळतं, तेही बघा.

वर्धाकाठ: रेशन नंतर. विचारलं, कोरकूच आहेत. लसीची कार्डं गावी राहिली. एमआरसाठी (गोवर-रुबेला लस) एकच लेकरू आलं तर?

सातपुडा: तरी व्हायल (अनेक डोसांची बाटली) उघडा. पावडर द्रावणात मिसळल्यावर 4 तास चालते, म्हणून भट्टीवरच मिसळा. कार्ड नसेल तर मोबाईल नंबरवर यू-विनमध्ये (लसनोंदीचं सरकारी पोर्टल) शोधा. नोंद नाहीच मिळाली तर बीसीजी (क्षयाची लस) अन् पेंटाचा (पाच रोगांवरची एकत्र लस) पहिला डोस वर्षाच्या आत, एमआर 5 वर्षांपर्यंत.

वर्धाकाठ: भट्टीवर रेंज नाही.

गाविलगड: मग आशाताईचा आवाज आजच रेकॉर्ड करून घ्या.