सीए ऑफिसचा डेटा क्लाउडवर न्यावा का? सल्ला हवा

हरभटरोड_सीए:
नमस्कार मंडळी. सांगलीत हरभट रोडला तळमजल्यावर आमचं ऑफिस, आर्टिकल (शिकाऊ सीए) धरून आठ जण. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली एका जुन्या सर्व्हरवर. वर्किंग पेपर, नोटिसा, क्लायंटच्या पॅन-आधारच्या कॉप्या शेअर्ड फोल्डरमध्ये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सर्व्हर उचलून माडीवर नेला. २०२१ ला पुन्हा तीच धावपळ. आता तो बदलायचाच आहे. नवीन घ्यावा की क्लाउडवर जावं? पहिल्या वर्षाचं बजेट ६० हजार, जीएसटी धरून. त्याच्या वर जमणार नाही.

कोथरूडकर:
डोळे झाकून क्लाउडवर जा. आम्ही लॉकडाऊनमध्येच गेलो. ऑडिटला चाकणला असलो तरी क्लायंटच्या कॅन्टीनमध्ये बसून लेजर उघडतो. वर्षाला साडेतीन लाख जातात, पण वसूल होतात. ६० हजारांत काही होत नाही, बजेट वाढवा.

व्हाउचर_एंट्री:
क्लाउड म्हणजे भाड्याचं घर. मालक कधीही कुलूप लावतो. आमचा बिलावरून वाद झाला आणि जीएसटीच्या ३बी रिटर्नच्या ऐन २० तारखेच्या तोंडावर लॉगिन बंद. डेटा हातात पडायला पुढचा महिना उजाडला. लेट फी खिशातून भरली. नवीन सर्व्हर घ्या आणि माडीवरच ठेवा.

कोथरूडकर:
स्वस्तातला व्हेंडर धरला की असंच होतं.

व्हाउचर_एंट्री:
स्वस्त नव्हता साहेब, ओळखीचा होता.

नाशिकची_ऑडिटताई:
भांडणात मुद्दा राहतोय. सेवा सोडली तर पूर्ण डेटा किती दिवसांत मिळेल, हे करारात लिहून घ्या. रोजचा बॅकअप व्हेंडरकडेच न ठेवता तुमच्या नावाच्या वेगळ्या खात्यावर उतरवून घ्या. मग त्याने लॉगिन बंद केलं तरी दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून काम चालू होतं. आमच्याकडे दर शनिवारी एक आर्टिकल कुठल्या तरी एका क्लायंटचा बॅकअप रिकाम्या लॅपटॉपवर उघडते आणि ट्रायल बॅलन्स जुळवून बघते. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

मिरज_जंक्शन:
एवढं कशाला? टॅलीचा डेटा फोल्डर ड्राइव्हच्या सिंकमध्ये टाका, बदल आपोआप वर जातात. आम्ही तेच करतो, फुकटात.

नाशिकची_ऑडिटताई:
कृपया असं करू नका! टॅली चालू असताना फाइल सतत लिहिल्या जात असतात, सिंक त्या अर्धवट उचलू शकतं. दोन मशीनवर तीच कंपनी उघडली की डेटा करप्ट व्हायला वेळ लागत नाही. आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आलाच तर लॉक झालेल्या फाइलीच वर जाऊन बसतील. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे.

नेटवर्कवाला:
ताईंशी सहमत. घरून काम करता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा ठेवलेली ऑफिसं मला नेहमी दिसतात. रॅन्समवेअरला तो सरळ दरवाजा आहे. क्लाउडवर गेलात तरी प्रत्येकाला वेगळं लॉगिन आणि त्यावर ओटीपी हवाच. आर्टिकल सोडून गेला की त्याच दिवशी लॉगिन बंद.

चिपळूणचा_वकील:
२०२१ च्या जुलैत आमच्या फायलींचा लगदा झाला. स्कॅन करून वर ठेवलेलं तेवढं वाचलं, म्हणून मी क्लाउडच्याच बाजूचा. फक्त श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधले दस्त ऑनलाइन उघडले की अक्षरं कसलीच्या कसली दिसतात. यावर उपाय आहे का कुणाकडे?

मिरज_जंक्शन:
युनिकोडमध्ये बदलून घ्या, कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा.

कंपनी_कायदा:
मूळ विषयाकडे येऊ. कंपन्यांच्या हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर आणि रोजच्या रोज हवा, असं कंपनी लेखे नियम ३(५) सांगतो. ‘रोज’ ही अट ऑगस्ट २०२२ मधली. व्हेंडरला सर्व्हर कुठल्या शहरात आहे ते विचारा.

कोथरूडकर:
तो नियम कंपनीला आहे, सीएला नाही.

कंपनी_कायदा:
पुस्तकं तुमच्याच ऑफिसात लिहिली जात असतील तर क्लायंट तुम्हालाच विचारणार ना?

व्हाउचर_एंट्री:
आणि डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं काय? सहीचं यूएसबी टोकन तुमच्या टेबलावर, मशीन मुंबईत. सही कशी करणार?

नेटवर्कवाला:
पोर्टलची कामं आपल्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझरवर करायची, फक्त टॅली तिकडे. टोकन ड्रॉवरमधून काढा, इथेच लावा, सही करा. काही अडत नाही.

कोथरूडकर:
काहीही करा, पण ३० सप्टेंबरपर्यंत हात लावू नका. टॅक्स ऑडिट आधी संपवा.

नाशिकची_ऑडिटताई:
हे मात्र खरं. सीझनमध्ये शिफ्टिंग नको.

व्हाउचर_एंट्री:
+१. ऑक्टोबरनंतर बघा.

हरभटरोड_सीए:
सगळ्यांचे आभार. पार्टनरशी बोलून ठरवलं. सप्टेंबरपर्यंत थांबत नाही, याच महिन्यात हलवतोय. आज जून आहे, आमच्या नदीचे धोक्याचे महिने जुलै-ऑगस्ट. ऑडिटच्या घाईत आठ-दहा दिवस काम हळू झालेलं परवडेल, दोनशे क्लायंटचे रेकॉर्ड त्या तळमजल्यावर आणखी एक पावसाळा ठेवणं परवडणार नाही. एका वेळी टॅलीवर पाचच जण असतात. पाच युजर, महिना ७०० प्रमाणे वर्षाचे ४२ हजार, १८% जीएसटीसह ४९,५६०. उरलेल्यात वर्किंग पेपरचं स्टोरेज आणि ताईंनी सांगितलेलं बॅकअपचं वेगळं खातं बसतं. सर्व्हर मुंबईत आहे. सोडताना सात दिवसांत डेटा, हे व्हेंडरने लेखी दिलंय. न देणाऱ्या दोघांना नाही म्हटलं. शनिवारचा रिस्टोअरही सुरू करतोय.
जुन्या सर्व्हरचा २ केव्हीएचा यूपीएस विकायचा आहे. कुणाला हवा असेल तर सांगा.

व्हाउचर_एंट्री:
बॅटऱ्या कधी बदलल्यात? कोल्हापुरातून येऊन घेऊन जाईन.